पांढराफटक एलईडी उबदार करायचाय? नवशिक्या सोलापूरकरांसाठी क्वांटम डॉट फिल्मची कृती

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, कुठल्याही नव्या सोसायटीच्या गेटवर रात्री नजर टाका. खांबावर किंवा वॉचमनच्या केबिनवर फ्लडलाइट असतो आणि त्याच्या खोक्यावर बहुतेक वेळा ६५०० केल्विन छापलेलं असतं. निळसर, डोळ्यांत खुपणारा उजेड. पावसाळा सुरू झाला की सकाळी त्याच दिव्याखाली पंख गळालेल्या किड्यांचा सडा पडतो आणि समोरच्या फ्लॅटमधली माणसं रात्रभर पडदे ओढून झोपतात. दिव्याची वॉरंटी संपलेली असते, पण तो अजून बरीच वर्षं चालणार असतो. फेकून द्यायला जीव होत नाही, नुसता रंग नकोसा असतो.

अशा दिव्यांसाठी क्वांटम डॉटची फिल्म, म्हणजे निळ्या प्रकाशाचा नारिंगी करणारे अतिसूक्ष्म कण असलेलं पातळ प्लास्टिक, हा एक चांगला मार्ग आहे. ती कशी निवडायची, कशी बसवायची आणि कुठे मुळीच वापरायची नाही, ते या लेखात सांगतो. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकतो. फिल्म एलईडीवर थेट चिकटवायची नाही. ती वेगळ्या शीटवर, एलईडीपासून अंतर राखून, हवी तेव्हा काढता येईल अशी बसवायची. आणि त्याच्याही आधी दिव्याचं तोंड आणि उजेडाचं प्रमाण ठीक करायचं.

पांढऱ्या दिव्यात असतं काय

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. आतली चिप साधारण ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देते, तिच्यावरचा पिवळा फॉस्फर त्यातला काही भाग पिवळ्यात बदलतो आणि उरलेला निळा व हा पिवळा मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. याच निळ्या चिपसाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ६५०० केल्विनच्या दिव्यात निळा जास्त सुटतो, २७०० च्या दिव्यात कमी. केल्विनचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश थंड, निळसर.

हे नुसतं वाचू नका, डोळ्यांनी बघा. घरात जुनी सीडी असेलच. रात्री खोलीतले दिवे बंद करा, खिडकीपाशी उभं राहून चकचकीत बाजूवर गेटच्या दिव्याचं प्रतिबिंब पाडा आणि सीडी हळूहळू कलती करा. आधी पांढरा ठिपका दिसेल, तो सरकला की रंगांची पट्टी उमटेल. थंड पांढऱ्या दिव्याच्या पट्टीत एका टोकाला निळ्याची अरुंद, झगझगीत चीर असते. तिच्या शेजारी एक मंद, जवळजवळ काळपट फट दिसते. त्या फटीनंतर हिरवा, पिवळा आणि लाल असा पसरट पट्टा सुरू होतो. आपल्याला जे बदलायचं आहे ते म्हणजे ती निळी चीर. एखाद्या जुन्या गोडाऊनवर सोडियमचा पिवळा दिवा शिल्लक असेल तर त्याच्याखाली हाच प्रयोग करून बघा. निळ्या टोकाला तसला झगझगाट दिसणार नाही. सीडी सांभाळून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता डॉट. हे काही नॅनोमीटर आकाराचे अर्धवाहकाचे स्फटिक. निळा प्रकाश शोषून घेतात आणि त्याहून लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. कुठला रंग टाकायचा हे कणाचा आकार ठरवतो. कॅडमियम सेलेनाइडचा कण २ नॅनोमीटरच्या आसपास असेल तर निळसर-हिरवा, ६ नॅनोमीटरच्या आसपास असेल तर लाल. आपल्या डाईंगवाल्यांना यातलं नवल लगेच कळेल: लाल सुताला लाल रंग, हिरव्याला हिरवा रंग असा वेगवेगळा माल आणावा लागतो, इथे मात्र पदार्थ तोच राहतो, कण लहान-मोठा केला की रंग बदलतो. अलेक्सी एकिमोव यांना हा परिणाम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रंगीत काचेत दिसला, लुईस ब्रुस यांना द्रावणातल्या कणांत. मौंजी बावेंडी यांनी १९९३ मध्ये एकसारख्या आकाराचे कण बनवायची पद्धत दिली. तिघांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एक नियम पक्का ध्यानात ठेवा. डॉट जास्त ऊर्जेच्या प्रकाशातून कमी ऊर्जेचा प्रकाश काढतो. निळ्याचा नारिंगी होतो, नारिंगीचा निळा होत नाही. म्हणून सोडियमच्या दिव्यावर किंवा आधीच २७०० केल्विनच्या असलेल्या दिव्यावर ही फिल्म लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

निळा कमी का करायचा

हवेचे रेणू आखूड तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात. ४५० नॅनोमीटरचा निळा ६०० च्या नारिंगीपेक्षा तिपटीहून जास्त. शहरावरचं आकाश रात्री उजळ दिसतं त्यात या विखुरण्याचा वाटा आहे. आपल्या डोळ्यांत दिवस-रात्रीची जाणीव देणाऱ्या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत संवेदनशील असतात, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत निळा प्रकाश डोळ्यांत गेला की झोपेचं चक्र बिघडतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये रस्त्यांचे दिवे ३००० केल्विन किंवा त्याहून खालचे असावेत असं सुचवलं, त्यामागे हीच कारणं होती. किडेही आखूड तरंगलांबीकडेच जास्त ओढले जातात.

नान्नजच्या बाजूला ज्यांचं शेतघर आहे त्यांनी हे जास्त मनावर घ्यावं असं मला वाटतं. माळढोक अभयारण्याच्या त्या माळरानावर लांडगे आणि काळविटं राहतात. तिथल्या अंधारावर त्यांचा हक्क आपल्याआधीचा आहे.

फिल्मच्या आधी करायच्या गोष्टी

पहिली गोष्ट फुकट आहे. फ्लडलाइटची काच जमिनीला समांतर करा. बहुतेक फिटिंग लावताना वायरमन तोंड वर करून ठेवतात, म्हणजे उजेड 'लांब जातो'. तो लांब जाऊन समोरच्याच्या बेडरूममध्ये शिरतो. ब्रॅकेटचे दोन नट सैल करून तोंड खाली केलं की निम्मी तक्रार तिथेच मिटते.

दुसरी गोष्ट उजेडाचं प्रमाण. रस्त्यांच्या प्रकाशासाठीच्या आयएस १९४४ या भारतीय मानकात कमी रहदारीच्या छोट्या रस्त्याला सरासरी ४ लक्स (लक्स म्हणजे जमिनीवर पडणाऱ्या उजेडाचं माप), त्याहून वर्दळीच्या रस्त्याला ८ लक्स पुरेसे धरले आहेत. सोसायटीच्या आतल्या रस्त्याला यापेक्षा जास्त कशाला लागेल? साधा लक्स मीटर आणा, जमिनीवर ठेवा, दिव्याच्या बरोबर खाली, तिथून थोड्या अंतरावर आणि दोन दिव्यांच्या मधोमध आकडे घ्या. गेटखाली ५०-६० लक्स सापडले तर रंग बदलण्याआधी वॉट कमी करा. डिम होणारा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग), टायमर किंवा हालचाल ओळखणारा सेन्सर लावा.

तिसरी गोष्ट हिशोब. ९ वॉटचा साधा बल्ब असेल तर फिल्मचा विचार सोडा, सरळ २७०० केल्विनचा बल्ब आणा. नवीन फिटिंग घ्यायचीच असेल तर दुकानदाराकडे २७०० किंवा २२०० केल्विन मागा. तो म्हणेल, 'गिऱ्हाईक पांढराच मागतंय, मालक.' तरी मागवून घ्या. फिल्म कामाची ठरते ती चालू स्थितीतल्या, चांगल्या बनावटीच्या मोठ्या फिटिंगवर, जिची काच सपाट आहे आणि जी उघडून पुन्हा नीट बंद करता येते. फिल्म, शीट, पॅकिंग आणि वायरमनची मजुरी मिळून नव्या उबदार फिटिंगच्या निम्म्याहून जास्त खर्च येत असेल तर मी नवीन फिटिंगच घेईन.

रस्त्यावरच्या खांबाला हात लावायचा नाही. तो महापालिकेचा असतो. तिथला दिवा त्रास देत असेल तर खांबाचा नंबर टाकून लेखी अर्ज करा आणि तोंड खाली करून शेड लावण्याची मागणी करा. देवळाच्या शिखरावर किंवा जुन्या दगडी बांधकामावर खालून वर मारलेले दिवे असतील तर तिथेही फिल्म नको, कारण पुढे येईलच.

रंग ठरवा

बाग, पायवाट, पार्किंगचा आतला भाग, शेतघर: २२०० ते २७०० केल्विन. गेट, जिथे सीसीटीव्हीत गाडीचा आणि कपड्यांचा रंग ओळखायला लागतो: ३००० केल्विन, त्याखाली नको. चादरी-टॉवेलच्या दुकानासमोर गिऱ्हाईक माल बाहेर उजेडात आणून रंग बघत असेल तर तिथला दिवा जसा आहे तसा राहू द्या. नारिंगी प्रकाशात निळी आणि जांभळी चादर ओळखू येत नाही आणि नंतर दुकानात भांडण होतं.

फिल्म निवडताना

इथे घाई करू नका, सगळं यश-अपयश इथेच ठरतं.

बाजारात डॉट तीन रूपांत मिळतात: द्रावण, पावडर आणि तयार फिल्म. नवशिक्याने फक्त तयार फिल्म घ्यावी. दोन पातळ प्लास्टिकच्या थरांमध्ये डॉट असलेला थर आणि दोन्ही बाजूंना हवा-ओल अडवणारं आवरण, अशी तिची रचना असते. द्रावण स्वस्त दिसतं, पण ते बहुधा टोल्युइनमध्ये येतं. टोल्युइन पेट घेतं, त्याची वाफ डोक्यात जाते आणि ते अ‍ॅक्रिलिक व पॉलिकार्बोनेट खातं. काही जण द्रावण सिलिकॉनमध्ये मिसळून घरीच लेप बनवायला जातात. दोन भाग मिसळून जमणाऱ्या सिलिकॉनमध्ये प्लॅटिनमचा उत्प्रेरक असतो. बऱ्याच डॉटवर गंधक असलेला रासायनिक थर असतो आणि गंधक त्या प्लॅटिनमला निकामी करतं. मग मिश्रण दुसऱ्या दिवशीही चिकटच राहतं. प्रयोगशाळेत यावर उपाय आहेत, घराच्या गच्चीवर नाहीत.

आता पदार्थ. कॅडमियमचे डॉट सर्वांत तेजस्वी आणि रंगाला अचूक, पण कॅडमियम विषारी आहे. भारताच्या ई-कचरा नियमांत विजेच्या उपकरणांमधल्या एकजिनसी पदार्थात कॅडमियमची मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्के आहे. इंडियम फॉस्फाइडच्या डॉटमध्ये कॅडमियम नसतं. टीव्हीत आता हेच मोठ्या प्रमाणात वापरतात. पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकांच्या तेजस्वी डॉटमध्ये शिसं असतं आणि ते ओल, उष्णता दोन्हीला हळवे असतात. अंगणातल्या दिव्यासाठी मला कॉपर इंडियम सल्फाइड सर्वांत योग्य वाटतं. त्यात कॅडमियमही नाही आणि शिसंही नाही. त्याचा रंग टीव्हीला लागतो तितका काटेकोर नसून पसरट असतो आणि बाहेरच्या प्रकाशाला तोच पसरटपणा हवा असतो. न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोसची यूबीक्यूडी ही कंपनी याच पदार्थाची नारिंगी फिल्म हरितगृहात पिकांवर टांगायला विकते. म्हणजे नीट आवरण घातलेला हा डॉट उन्हातही काम करतो.

प्रकाशाचा शिखरबिंदू, म्हणजे फिल्म ज्या तरंगलांबीला सर्वांत जास्त प्रकाश देते ती, ५८५ ते ६०० नॅनोमीटरच्या दरम्यान मागा. ६३० ची लाल फिल्म घेतली तर थंड पांढऱ्या दिव्यात ती गुलाबी झाक आणते. केल्विन मीटर ३००० दाखवेल, पण भिंत, माणसांचे चेहरे आणि झाडांची पानं विचित्र दिसतील. केल्विनच्या एका आकड्याला गुलाबी-हिरवी झाक कळत नाही, ही गोष्ट विक्रेतेही विसरतात.

विक्रेत्याकडून कागदावर लिहून घ्यायच्या गोष्टी: शिखर किती नॅनोमीटर, शोषलेल्या प्रकाशापैकी किती टक्के परत देते, सतत किती तापमान सोसते, कुठल्या निळ्या प्रकाशाखाली किती तास तपासली आहे, कॅडमियम किती आणि कापल्यावर कडा बंद कशी करायची. शेवटच्या प्रश्नावर जो गप्प बसतो त्याच्याकडून घेऊ नका.

मोडक्या टीव्हीतून काढलेली शीट कुणी देऊ केली तर नको म्हणा. तिच्यात हिरवे आणि लाल असे दोन्ही डॉट निळ्या बॅकलाइटसाठी मोजून घातलेले असतात. आपल्याला हवा तो नारिंगी तिच्यातून येत नाही आणि आत कॅडमियम आहे का, हे बाहेरून कळत नाही.

सोलापूरचं ऊन

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो. दिवसभर तापलेली अ‍ॅल्युमिनियमची फिटिंग संध्याकाळी सातला चालू होते, म्हणजे ती तापलेल्या अंगानेच कामाला लागते. त्यात एलईडीची स्वतःची उष्णता. डॉट गरम झाला की आधी त्याचा प्रकाश तात्पुरता मंदावतो आणि तापमान जास्त राहिलं तर तो कायमचा मरतो. म्हणून फिल्म एलईडीपासून लांब हवी. चिपच्या अगदी वर निळ्या प्रकाशाचा मारा आणि उष्णता दोन्ही टोकाला असतात. तीन-चार सेंटिमीटर पुढे आलं की तोच प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पसरतो आणि दर चौरस सेंटिमीटरला पडणारा मारा कितीतरी कमी होतो.

रूपांतरातही उष्णता निघते. ४५० नॅनोमीटरचा प्रकाश ६०० चा झाला की त्यातली २५ टक्के ऊर्जा उष्णतेत जाणारच, डॉट कितीही उत्तम असो.

आणि सूर्य. दिवा रात्री चालतो, पण डॉटला दिवसा सूर्याचा निळा आणि अतिनील प्रकाशही मिळतो. फिटिंगचं तोंड खाली असेल तर थेट ऊन आत जात नाही. वर तोंड करून लावलेल्या दिव्यात मात्र दिवसभर ऊन भरतं, म्हणून देवळाच्या किंवा किल्ल्याच्या भिंतीवर खालून मारलेल्या दिव्यांना ही फिल्म नको असं वर म्हटलं.

प्रत्यक्ष कृती

साहित्य: फिल्म, २ किंवा ३ मिलिमीटरची पारदर्शक पॉलिकार्बोनेट शीट, नायट्राइलचे हातमोजे, धारदार कटर, अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी, फिटिंगच्या मापाचं नवीन रबर पॅकिंग, लक्स मीटर आणि तापमान मोजणारी तार असलेला मल्टिमीटर. वायरमन हवाच. खांबावर किंवा शिडीवर चढून २३० व्होल्टची फिटिंग उघडणं नवशिक्याचं काम नाही.

सुरुवातीला आधीची नोंद घ्या. जमिनीवर खडूने पाच-सहा जागा आखा, प्रत्येक जागेचा लक्स लिहा. मोबाइलचा पांढरेपणा (व्हाइट बॅलन्स) 'डेलाइट' वर अडकवून एक फोटो काढा. मोबाइल आपोआप रंग सुधारतो, त्याला तसं करू दिलं तर आधी-नंतरचे फोटो सारखेच येतील. सीडीवरच्या पट्टीचाही फोटो असू द्या.

एमसीबी पाडा, त्यावर 'काम चालू आहे' असा कागद चिकटवा, टेस्टरने खात्री करा. त्यानंतरही काही मिनिटं थांबा, कारण ड्रायव्हरमधले कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. फिटिंग खाली उतरवून टेबलावर काम करा.

काच काढा आणि एलईडीचा बोर्ड व काच यांच्यात किती जागा आहे ते मोजा. तीन सेंटिमीटरपेक्षा कमी जागा असेल तर फिल्म आत बसवू नका. अशा फिटिंगला काचेच्या बाहेर, खालून, वेगळी पत्र्याची चौकट बसवता येते. चौकटीत फिल्म दोन शीटच्या मधे जाते आणि कडा सिलिकॉनने बंद होतात. माझ्या मते बाहेरची चौकटच बरी. मूळ फिटिंगचा आयपी ६५ (धूळ-पाणी आत न येण्याचा दर्जा) टिकतो, फिल्म थंड राहते आणि बदलायची झाली तर चार स्क्रू काढले की झालं. चौकटीवर बाजूंनी दोन-तीन इंच खाली उतरणारी शेड ठेवा. त्याचं कारण पुढे आहे.

दोन शीट चौकटीच्या मापाने कापा. फिल्म शीटपेक्षा चहूबाजूंनी एक सेंटिमीटर लहान कापा. खोलीत, टेबलावर वर्तमानपत्र पसरून, हातमोजे घालून, एकाच सरळ फटक्यात कापा. कात्रीने चावत-चावत कापली की थर उकलतात. घासपेपर लावू नका, तुकडे उडू देऊ नका, पोरांना जवळ येऊ देऊ नका. कापलेली कड उघडी असते, तिथून हवा आणि ओल आत शिरते. म्हणून चारही कडांवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दुमडून दोन्ही बाजूंनी दाबून बसवा. पट्टीने अडवलेला तेवढा प्रकाश गेला तरी चालेल.

फिल्म दोन शीटच्या मधे ठेवा, गोंद लावू नका. मधे धूळ राहिली तर तिथे डाग दिसतो, तेव्हा शीट कोरड्या मऊ फडक्याने पुसून घ्या. शीट चौकटीत घट्ट ठोकू नका. पॉलिकार्बोनेट उन्हात वाढतं, त्याला एक-दोन मिलिमीटर जागा हवी.

चौकट बसवून, फिटिंग टेबलावरच असताना, संध्याकाळी दोन तास चालवा. तापमानाची तार फिल्मच्या शीटच्या मध्यभागी टेकवून आकडा बघा. पिस्तुलासारख्या इन्फ्रारेड थर्मामीटरवर इथे भरवसा ठेवू नका, तो काचेच्या पलीकडचं तापमान दाखवत नाही. जूनमधल्या थंड झालेल्या संध्याकाळी हा प्रयोग करत असाल तर आलेल्या आकड्यात मे महिन्यासाठी १२-१५ अंश मिळवा आणि मगच विक्रेत्याने लिहून दिलेल्या मर्यादेशी ताडून बघा. मर्यादेच्या जवळ जात असेल तर चौकट आणखी खाली सरकवा किंवा ड्रायव्हरचा प्रवाह कमी करा.

सगळं ठीक असेल तर फिटिंग वर चढवा. काच उघडली असेल तर जुनं रबर पुन्हा वापरू नका. अर्थिंग तपासूनच एमसीबी उचला.

लावल्यावर काय तपासायचं

लक्स पुन्हा घ्या, त्याच खडूच्या खुणांवर. साधा नारिंगी जिलेटिन कागद लावला असता तर निळा प्रकाश नुसता वाया गेला असता. डॉट तोच निळा नारिंगीत बदलून परत देतात आणि उजेडात आपला डोळा ४५० पेक्षा ६०० नॅनोमीटरला सुमारे सोळापट जास्त संवेदनशील असतो. त्यामुळे रंग इतका बदलूनही लक्स त्या मानाने कमी पडत नाहीत. तरीही घट होतेच. डॉट प्रकाश चहूकडे टाकतात, त्यातला जवळपास निम्मा उलटा फिटिंगमध्ये जातो. आतला परावर्तक पांढरा आणि स्वच्छ असेल तर त्यातला बराच परत येतो, काळवंडलेला असेल तर तिथेच मुरतो.

याच चहूकडे पसरण्याचा दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा आहे. रस्त्याच्या दिव्याच्या लेन्स प्रकाश ठरावीक दिशेला फेकायला घडवलेल्या असतात. डॉटमधून गेलेला प्रकाश ती शिस्त मोडतो, बाजूंना पसरतो आणि डोळ्यांत येतो. शेड त्यासाठी आहे. दिवा लागल्यावर समोरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत जाऊन स्वतः बघा. तिथून चौकटीचा उजळ चौकोन थेट दिसत असेल तर शेड आणखी एक इंच वाढवा.

सीडी पुन्हा काढा. निळी चीर बारीक आणि मंद झालेली, नारिंगी पट्टा भरलेला दिसला पाहिजे. निळा जसाच्या तसा दिसला तर फिल्म पातळ आहे. तिच्यावर दुसरी फिल्म चढवण्याआधी विक्रेत्याशी बोला, कारण दोन थरांत उष्णता आणि उलटा जाणारा प्रकाश दोन्ही वाढतात. दिवसा दिवा बंद असताना चौकट पिवळी-नारिंगी दिसेल, ते तसंच असतं.

वर्षभराची देखभाल

उरलेल्या फिल्मचा हाताएवढा तुकडा कडा बंद करून कपाटात अंधारात ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी दिव्यावरच्या फिल्मशी तो ताडून बघा. दोघांवर एकच निळा टॉर्च मारला की वापरातली फिल्म किती मंदावली ते लगेच कळतं.

फिल्म मरते ती बहुधा कडेकडून. दिवा चालू असताना खालून बघा: आधी पट्टीच्या आतल्या बाजूला केसाएवढी फिकट रेघ दिसते, तिथून निळसर पांढरा उजेड झिरपतो. पावसाळ्यानंतर ती रेघ रुंद होऊन आत सरकू लागली तर समजा पट्टीखाली ओल गेली आहे. रेघ दोन-तीन मिलिमीटरवर थांबली असेल तर पट्टी बदलून फिल्म चालू ठेवता येते. मध्यभाग फिका पडला असेल तर ती उष्णतेची खूण. तिथे नवीन फिल्म लावण्याआधी अंतर वाढवावं लागेल, नाहीतर नवीही तशीच जाईल.

चौकट धुताना बोअरचं पाणी वापरू नका, क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तो खरवडताना शीटवर चरे पडतात. आरओचं किंवा पावसाचं पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ फडकं. उन्हाळ्यातली धूळ आधी कोरड्या ब्रशने झटका. थिनर, पेट्रोल, स्पिरिट काहीही पॉलिकार्बोनेटला लावू नका.

फिल्म निकामी झाली की ती भंगारवाल्याच्या पोत्यात किंवा घंटागाडीत टाकू नका आणि जाळू तर मुळीच नका. कापलेले बारीक तुकडे, पट्ट्या आणि जुनी फिल्म जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा, पिशवीवर 'क्वांटम डॉट फिल्म' आणि पदार्थाचं नाव मार्करने लिहा, आणि जुने बोर्ड, ड्रायव्हर यांच्याबरोबर नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. विक्रेत्याचा तो कागदही सोबत जोडा, म्हणजे आत काय आहे हे तिथल्या माणसाला कळेल.